आसगावातला बर्फ

आमच्या आसगावात बर्फ दोनच ठिकाणी दिसतो. एक रसवंतीवर, आणि दुसरा गोसीखुर्द धरणाची मासोळी विकायला येणाऱ्याच्या थर्माकोलच्या पेटीत. मे महिन्यात इथलं डांबर चपलेला चिकटतं. आणि अशा या गावात डोमाजीकाका बर्फात गाडी कशी चालवायची हे शिकवतात. कोणी विचारलेलं नसताना. फुकट. पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय सोडत नाहीत, हे वर.

डोमाजीकाका आमचे शेजारी. निवृत्त बसड्रायव्हर. साकोली-पवनी फेरीवर त्यांचं उभं आयुष्य गेलं. त्यांच्या बसमध्ये म्हाताऱ्या बाया दह्याचं भांडं मांडीवर न धरता बिनधास्त खाली ठेवायच्या, अशी त्यांची ख्याती. ख्यातीचं कारण वेळेआधीच मारलेला ब्रेक. कुत्रं दिसलं, ब्रेक. शेळी दिसली, ब्रेक. लांबवर नुसती धूळ दिसली, तरी ब्रेक. निवृत्त झाल्यावर त्यांनी वांगी रंगाची एक छोटी जुनी गाडी घेतली आणि काकूंना बाजाराला नेऊ-आणू लागले. इथवर माणूस ठीक होता.

मागच्या हिवाळ्यात काय झालं कोण जाणे, काकांना बर्फाचा नाद लागला. पारावर बसलेल्या चार माणसांत ते मध्येच उठून विचारायचे, "समजा, बर्फ हाय. गाडी मागून सरकली. काय करान?"

"घरी जाऊ पायी," कोणीतरी म्हणायचं.

"हसा. पन बिरेक मारान तर मरान!" आयुष्यभर ब्रेकवर जगलेला माणूस हे सांगत होता.

त्यांचं सगळं शास्त्र बैलांवर चालायचं. "हे पाय, बस मागच्या चाकानं ढकलते. ही लहान गाडी समोरच्या चाकानं ओढते. बैलावानी. बैल चिखलात घसरला तं कासरा ओढतं का आपन? नाई. ढील देतो. मंग ढील दे! रेस सोड, बिरेकले पाय लावू नोको. अन् मागून सरकली तं बोचा जिकडं जाऊन राहिला तिकडंच स्टेरिंग ने, हळू. अन् पाहाचं कुठं? जिकडं जायचं हाय तिकडं. जिकडं भेव हाय तिकडं नाई."

नुसतं शास्त्र सांगून भागेना, तेव्हा त्यांनी मासोळीवाल्याची अख्खी पेटीभर बर्फाची भुगी विकत घेतली, घरासमोर पसरली आणि तीवरून गाडी मागं-पुढं केली. गाडी काही घसरली नाही. बर्फ वितळून गेला आणि मासोळीचा वास तेवढा राहिला. पुढचा आठवडाभर गल्लीतली सगळी मांजरं त्या गाडीच्या टपावर मुक्कामाला होती. काकू दारातून ओरडल्या, "गाडी घेतली का मासोळीचं दुकान काढलं? माह्या माहेरच्यायनं पाहलं तं काय म्हनतीन?"

"पन्नास मांजरी बसल्या तरी घसरली नाई," काका शांतपणे म्हणाले. "बर्फ कमी पडला."

मग त्यांना चिखलाचा शोध लागला, आणि तिथं त्यांची गाठ माझ्याशी पडली.

चिखल हा माझा विषय आहे. मी स्पष्टच सांगते. उन्हाळी धानाची रोवणी सुरू झाली की ट्रॅक्टर बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखलणी करतात आणि चाकांना चिकटलेला तो सगळा लोण्यासारखा चिखल घेऊन थेट डांबरी रस्त्यावर चढतात. सायकलवाली पोरं पडतात, दूधवाले पडतात, अंगणवाडीच्या बाई स्कूटीसकट नालीत जातात, आणि ट्रॅक्टरवाला मागं वळूनही पाहत नाही. याला जबाबदार कोण? मी पत्रक काढलं. 'रस्ता गावाचा, चिखल कोणाचा?' घरोघरी वाटलं. ट्रॅक्टरवाल्यांच्या दारात बसून राहिले. शिव्या खाल्ल्या, चहाही प्याले. शेवटी सगळ्यांनी मान्य केलं की रस्त्यावर यायच्या आधी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून फावड्यानं चाकं खरडायची. आणि खरडू लागले! मला वाटलं, जगात सुधारणा होऊ शकते.

विरोध एकट्या डोमाजीकाकांचा.

"अवो लीडर, सगळाच काहून साफ करता? थोडासा ठेवा ना."

"काकाजी, लोकं पडून राहिले!"

"पडून राहिले ते बिरेक मारून राहिले म्हनून."

हे ते मनापासून बोलत होते. चिखलात मोटारसायकलवरून पडलेल्या माणसाजवळ काका सगळ्यांत आधी पोचायचे, त्याच्या तोंडाजवळ वाकायचे आणि विचारायचे, "कोनता मारला? समोरचा का मागचा?" उत्तर मिळाल्यावरच उचलायचे. उचलून घरी पोचवायचे, हळद लावायचे, हे खरं. पण आधी उत्तर.

मग मला कळलं, ट्रॅक्टरवाल्यांनी धुऱ्यावर खरडून टाकलेला चिखल काका घमेल्यात भरतात, गाडीच्या डिक्कीत टाकतात आणि जुन्या रस्त्यावर नेऊन पसरतात. जुना रस्ता म्हणजे धरणात गेलेल्या गावाचा. गाव उठलं, रस्ता राहिला. डांबरी, सरळ, आणि पुढं कुठंही न जाणारा. लांबवर जाऊन तो पाण्यात उतरतो. तिकडं कोणी फिरकत नाही. पण रस्ता तो रस्ताच! माझ्या आंदोलनाचं यश हा माणूस डिक्कीत भरून नेत होता.

मी रागानं दुसरं पत्रक लिहिलं. 'सार्वजनिक रस्त्यावर चिखल कालवणाऱ्या निवृत्त चालकाचा निषेध.' नाव घातलं नाही, पण आमच्या गावात निवृत्त चालक एकच आहे. गठ्ठा स्कूटीवर पायाशी ठेवला आणि छापील निषेध आधी तोंडावर करावा म्हणून जानेवारीतल्या एका संध्याकाळी जुन्या रस्त्यावर गेले.

काका गाडीत बसले होते. स्टेअरिंगवर नाही, डाव्या बाजूला. समोर काचेशी फोन उभा केलेला. मी खिडकीतून गठ्ठा आत धरला आणि तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"गप. सहा वाजले."

"वाजू द्या. हे काय चालवलं तुम्ही?"

"निलू निघाली घरून. तिथं सकाळ झाली."

निलू त्यांची एकुलती एक मुलगी. दोन वर्षांपूर्वी कॅनडाला गेली, तिथं दवाखान्यात नर्स आहे, एवढं सगळ्या गावाला माहीत होतं. काकांनी फोन माझ्याकडे वळवला. पडद्यावर तिचा संदेश होता : बाबा, निघाली. रातभर बर्फ पडला.

"वीस मिनटाचा रस्ता," काका म्हणाले. "पोचली का लिहिते. तवापर्यंत मी काई बोलत नसतो. आज तू आली, तं बोलतो."

आणि मग ते बोलले, फोनवरची नजर न काढता.

"तिले गाडी मीच शिकोली. याच गाडीवर. काय शिकोलं? भेव वाटलं का बिरेक. हजारदा म्हनवून घेतलं तिच्याकडून. भेव वाटलं का बिरेक, बाबा. मागच्या हिवाळ्यात तिथं तिची गाडी सरकली. तिनं दाबला बिरेक, बापानं शिकोला तसा. गाडी गरकन फिरली अन् उलट्या तोंडानं खड्ड्यात. समोरून ट्रक येऊन राहिला होता, तो कसाबसा बाजूनं निघाला. तिनं मले हासत हासत सांगतलं. मी हासलो नाई."

सहा-वीस झाले होते. फोन गप्प.

"आता तिचा पाय कसा सोडवू मी? फोनवरून? म्हनून इथं चिखलात आधी मीच चाखून पाहतो. पचलं तं तिले वाढतो."

सहा-पंचवीस. माझा गठ्ठा अजून हातातच होता. छापताना मी ज्या वाक्यांवर खूश होते, त्यातलं एकही आता आठवेना.

"बर्फात हळू जात असेल, काका."

"व्हय," काका म्हणाले, "तुले चालवता येते ना? बस स्टेरिंगवर. नुसतं बसून राहलो तं मले येड लागन."

मी बसले. चिखलाचा पट्टा समोर चकाकत होता. "जाऊ दे," काका म्हणाले. मी गेले. चिखलात चाकं शिरताच गाडी माझी राहिली नाही. मागची बाजू उजवीकडं निघाली आणि मी जीव खाऊन ब्रेक दाबला. गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि आलो त्या दिशेला तोंड करून थांबली.

"पाह्यलं?" काका म्हणाले. "अस्सं झालं तिचं."

दुसऱ्यांदा पुन्हा ब्रेक. जिला मी आजवर अक्कल समजत आले, ती सगळी माझ्या उजव्या पायात होती आणि तो पाय कोणाचं ऐकत नव्हता. "मुठीत नोको धरू. ढील," काका सांगत होते. "झाडाकडं काहून पाहतं? जायचं हाय का झाडावर?"

तिसऱ्यांदा पाय उचलला. मागची बाजू सरकली त्याच बाजूला स्टेअरिंग थोडंसं नेलं, नजर लांबवर पाण्याकडं ठेवली, आणि गाडीनं एक झोल खाऊन आपसूक तोंड सरळ केलं. मी ओरडलेच आनंदानं. काकांकडं पाहिलं, तर त्यांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. फोनकडं होतं. आणि त्यांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर जीव खाऊन रेटलेला होता. तिथं पायाखालची चटई पार झिजून आतलं लोखंड दिसत होतं. त्या बाजूला ब्रेक नसतो.

मी गाडी बंद केली. सहा-चाळीस. पाण्यावर अंधार उतरत होता.

फोन वाजला. संदेश नाही, घंटी. काकांची बोटं दोनदा पडद्यावरून घसरली. शेवटी मीच हिरवं बटण सरकवलं.

"बाबा! पोचली मी."

काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"बाबा? ऐकू येऊन राहिलं का? उशीर झाला, पुलावर लय बर्फ होता. गाडी सरकली माही. मागून."

"बिरेक?" काकांनी एवढंच विचारलं.

"नाई मारला ना! पाय उचलला. तुमच्या बैलाची आठवन आली, खरंच सांगतो. ढील देली. सरळ झाली, बाबा. आपोआप झाली. मंग पुलाच्या पलीकडं थांबून रडली थोडीशी, म्हनून उशीर."

"मंग बरं," काका म्हणाले. "मंग बरं. जेवली का?"

"आत्ता सकाळ हाय इथं!"

"व्हय, व्हय. खाऊन घेजो काई."

फोन ठेवल्यावर त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा घेतला आणि फोनची काच पुसली. मग समोरची काच पुसली, जिथवर हात पोचेल तिथवर. मग तोंड पुसलं.

"लीडर," ते म्हणाले, "तुह्या पत्रकात काय लिहिलं ते लिहिलं. बर्फ संपला का मी स्वता धुऊन देतो रस्ता. तिथं एप्रिलपर्यंत पडते म्हने."

"एप्रिलपर्यंत असू द्या," मी म्हणाले. आणि हे बोलणारी मीच होते.

"घरापर्यंत तूच ने गाडी."

निलू सोडली तर आयुष्यात कधी दुसऱ्याच्या हाती रस्त्यावर स्टेअरिंग न देणारा माणूस. मी स्कूटी तिथंच सोडली आणि निघाले. गावाच्या वाटेवर रस्ता कोरडा आणि स्वच्छ होता, खरडलेल्या चाकांचा. वळणावर एक शेळी आडवी आली. मी करकचून ब्रेक मारला आणि, आता ऐकावं लागणार, म्हणून डावीकडं पाहिलं.

काकांच्या चपला खाली पडल्या होत्या, त्या झिजलेल्या चटईवर. दोन्ही पाय वर घेऊन, सीटवर मांडी घालून ते गाढ झोपले होते.