पंचेचाळीस दिवस बिनव्याजी

वाचन हा माझा धंदा आहे. म्हणजे अगदी पोटापाण्याचा. छापखान्यात मी मुद्रितशोधक आहे. दिवसाला चाळीस पानं वाचतो, चुका काढतो आणि त्याचा पगार घेतो. आम्ही तिघे जण आहोत आणि मी क्रमांक तीन. तपासलेल्या प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, तळाशी, मुंगीला चष्मा लागेल एवढ्या बारीक अक्षरात आमचा क्रमांक छापतात. (मान द्यायचा म्हणून नव्हे. चूक निघाली तर मान कुणाची धरायची ते कळावं म्हणून.)

आमची वाचायची पद्धतही आत्ताच सांगून ठेवतो. कसलेला मुद्रितशोधक मजकूर शेवटाकडून वाचत येतो, एकेक शब्द, उलटा. सरळ वाचलं की माणूस अर्थात गुंततो आणि चूक निसटते. उलटं वाचलं की अर्थाची कटकटच नाही. वीस वर्षं मी असाच वाचतोय आणि माझ्या हातून साधा अनुस्वार सुटलेला नाही.

बायको घरी शिवणकाम करते. तिचं वाचन मात्र सगळं सुलट आणि सगळ्याचं. औषधाच्या खोक्यातली सोळा घड्यांची चिठ्ठी, लिफ्टमधली सूचना, पासबुकातली प्रत्येक ओळ. लग्नाच्या नोंदणीला गेलो तेव्हा फॉर्मची मागची बाजू वाचायला तिने वीस मिनिटं घेतली. मी घामाघूम. शेवटी तिने सही केली, पण आधी कारकुनाला विचारलं, "यात पुढे काही बदल करता येतो का?" कारकुनाने माझ्याकडे पाहून मान हलवली. कोणत्या अर्थाने, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

तर झालं असं, की समोरच्या रस्त्यावरच्या टेलरमामांनी दुकान बंद करायचं ठरवलं. त्यांच्याकडे एक ओव्हरलॉक मशीन होतं. कापडाच्या कडा भराभर गुंफून बंद करतं ते. बायको दर दोन दिवसांनी कपड्यांचं गाठोडं घेऊन त्यांच्याकडे जायची आणि कडा मारून आणायची. मी ठरवलं, हे मशीन आपण घ्यायचं आणि तिला न सांगता घरात आणून ठेवायचं. (माझे मोठे निर्णय असेच असतात, पाच मिनिटांत होतात आणि पाच महिने पुरतात.)

"चोवीस हजार," टेलरमामा म्हणाले. "रोख."

"कार्ड चालेल का?"

"कार्डाला दोरा ओवता येतो का? नोटा आणा."

आता खात्यातून काढावेत, तर पासबुक आलं. पासबुक आलं की बायको आली. मग माझी ट्यूब पेटली! क्रेडिट कार्ड! सहाच महिन्यांपूर्वी घेतलेलं, कोरं करकरीत. ते विकणारी मुलगी फोनवर तीन वेळा म्हणाली होती, "सर, पंचेचाळीस दिवस बिनव्याजी!" मी एटीएममध्ये गेलो, कार्ड घातलं, चोवीस हजार मोजून घेतले आणि त्या यंत्राला चक्क "थँक्यू" म्हणालो.

मशीन घरी आलं. बायको बघतच राहिली. मग तिने मशीनवरून हात फिरवला, दोरे ओवले, एक चिंधी घालून पाहिली, आणि डोळे पुसत म्हणाली, "अहो, तुम्ही पण ना!" त्या चार शब्दांसाठी मी अठ्ठेचाळीस हजारही काढले असते. मशीनचं टेबल एका पायात आखूड होतं, ते डुगडुगत होतं. मी कपाटातून कसलंसं जाडसर पुस्तक आणून त्या पायाखाली सारलं. टेबल पक्कं बसलं. दुसऱ्याच आठवड्यात तिने एका दवाखान्याची साठ एप्रनची ऑर्डर घेतली, केवळ मशीनच्या जोरावर.

वीस तारखेला कार्डाचं बिल आलं. रोख उचल शुल्क, सहाशे. व्याज, चारशे एकोणसत्तर. दोन्हींवर कर. मी तडक फोन लावला.

"अहो, पंचेचाळीस दिवस बिनव्याजी होतं ना?"

"ते खरेदीवर, सर. रोख काढली की व्याज पहिल्या दिवसापासून."

"पण त्या रोखीने मी खरेदीच केली!"

"ती तुम्ही केलीत, सर. कार्डाने नाही केली."

भरायची किमान रक्कम होती अडीच हजारांच्या आत-बाहेर, आणि पगाराला अजून दहा दिवस असल्याने माझ्या खिशात होते एकशे दहा. मग मी काय केलं असेल? (बसून घ्या.) त्याच कार्डावर आणखी अडीच हजार काढले आणि ते त्याच कार्डाला भरले. खड्डा बुजवायला माती त्याच खड्ड्यातून काढली. दुसऱ्या बिलात कळलं की रोख कितीही थोडी काढा, शुल्क किमान पाचशे. गुपचूप टेलरमामांचं घर गाठलं.

"मामा, मशीन परत घ्याल का?"

"वीस देतो."

"अहो, चोवीसला दिलंत ना!"

"तेव्हा मी विकत होतो."

घरी आलो तर बायको मशीनवर वाकलेली. एकतीस एप्रन घडी घालून तयार, एकोणतीस बाकी, आणि ती चक्क गुणगुणत होती. हे मशीन तिच्या पुढ्यातून उचलायचं? मला माझीच लाज वाटली. रविवारी सकाळी चहा घेताना मी विषय काढला.

"ऑफिसातल्या एकाची गंमत सांगतो. समज, त्याने..."

"कार्डावर रोख काढली?"

"तुला कसं कळलं?"

"त्या एकाने पंधरा दिवसांत चहात तीनदा मीठ घातलंय. किती काढली?"

मी सगळं ओकलो. आता वीज कोसळणार म्हणून डोळे मिटून बसलो. वीज काही कोसळली नाही. ती एवढंच म्हणाली, "पुस्तक कुठाय?"

"कुठलं पुस्तक?"

"कार्डाबरोबर अटींचं आलेलं."

आम्ही दोघांनी एकदमच मशीनच्या पायाकडे पाहिलं.

टेबल मी उचलून धरलं, पुस्तक तिने काढलं. चौसष्ट पानं. मग ती खिडकीत बसली आणि हातात शिवणकामाचा खडू घेऊन वाचायला लागली. काय वाचते हो बाई! कापड घेताना जशी आधी उलटी बाजू बघते, धागा ओढून बघते, तशी एकेक अट ओढून बघत होती. मध्येच "हं!" म्हणायची, मध्येच चार पानं मागे जायची. जेवणाची वेळ टळली. मी दोनदा चहा केला (बिनमिठाचा). धंदेवाईक वाचक मी. पण खरं सांगतो, वाचन म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं, आणि या बाईने फॉर्मची मागची बाजू वाचूनही माझ्याशी लग्न केलं याचा मला भयंकर अभिमान वाटला.

तीन वाजता तिने एका ओळीखाली खडूची रेघ ओढली. "कलम सतरा, पोटकलम शेवटचं. ऐका. कार्डाच्या पहिल्या वर्षातली पहिली रोख उचल साठ दिवसांत पूर्ण फेडली आणि लेखी अर्ज केला, तर तिचं शुल्क आणि व्याज एकदाच परत मिळतं. आज कितवा दिवस?"

मी बोटं मोजली. "छप्पन्नावा."

"झालं तर! उद्या जायचं."

"अगं पण चोवीस हजार आणायचे कुठून?"

ती उठली, बटणांचा डबा आणला आणि टेबलावर पालथा केला. बटणांच्या खाली नोटा होत्या. सव्वीस हजार आठशे. "ओव्हरलॉकसाठी साठवत होते," ती म्हणाली. "मामांशी बोलणंही झालं होतं माझं. एकवीसमध्ये देणार होते."

मी बराच वेळ बटणं रंगांप्रमाणे लावत बसलो.

सोमवारी आम्ही बँकेत. काउंटरवरच्या बाई आधी "असं काही नसतं" म्हणाल्या. बायकोने पुस्तक उघडून पुढे केलं. बाईंनी वाचलं, मॅनेजरना बोलावलं. मॅनेजरनी दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं, आणि मुकाट्याने अर्जावर शिक्का मारला. दुसऱ्या उचलीचे पाचशे तेवढे गेले. "ते राहू दे," बायको माझ्याकडे बघत म्हणाली, "शिकवणीला एवढी फी पडतेच."

"ताई, मानलं तुम्हाला!" मॅनेजर हात जोडून म्हणाले. "हे पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"छे हो, दुसरी," बायको म्हणाली. तिने पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं आणि तळाशी बोट ठेवलं. "पहिले हे."

मॅनेजर वाकले. बाई वाकल्या. रांगेतले एक आजोबा काठी सावरत वाकले. तिथे, मुंगीला चष्मा लागेल एवढ्या अक्षरात, छापलं होतं: मुद्रितशोधक क्र. ३.

मी वाचलं होतं हो. सगळं वाचलं होतं. कलम सतरा, रोख उचल, शुल्क, पहिल्या दिवसापासूनचं व्याज, सगळं. शेवटाकडून सुरुवातीकडे.

साठ एप्रन वेळेवर गेले. दवाखान्याने आणखी चाळीस सांगितले, आणि बटणांचा डबा पुन्हा जड व्हायला लागला. परवा बायकोने माझ्यापुढे एक कागद ठेवला. वर लिहिलं होतं, 'घरातल्या व्यवहारांचे नियम'. एकूण अकरा कलमं.

"आधी नीट वाचा," ती म्हणाली. "मगच सही. घाई नाही."

आता काय मी पुन्हा फसणार? पेन्सिल घेतली, कागद उजेडात धरला आणि दोनदा वाचून काढला. सातव्या कलमात अनुस्वार राहिला होता, तो दिला. दहाव्यात पूर्णविराम नव्हता, तो टाकला. मग ऐटीत सही ठोकली.

"निर्दोष!" मी म्हणालो. "एक चूक सापडायची नाही आता."

"सगळं वाचलंत?"

"शब्द न् शब्द."

"मग उठा."

"कुठे?"

तिने भांड्यांनी भरलेल्या सिंककडे बोट केलं. "कलम चार. रोज, दोन्ही वेळा."