गच्चीवरचं शेत

अंबादासमामांना भेटायला कुणी आलं, की खालच्या खोलीतून मामींचं ठरलेलं उत्तर यायचं, "सकाळीच शेतात गेलेत, अजून आले न्हाईत." पाहुणा बिचारा मामांच्या गावाच्या, वाटूरच्या एसटीची चौकशी करू लागायचा. मग आम्हाला बाहेर येऊन सांगावं लागायचं, की शेत इथंच आहे, जिना चढा.

जालन्यातल्या त्या घरात मामा-मामी तळमजल्यावर, आम्ही वरच्या मजल्यावर आणि आमच्या डोक्यावर मामांचं शेत. शेत म्हणजे तेलाचे पत्र्याचे डबे, गळक्या घागरी आणि कुणाच्या तरी ट्रकचं टाकून दिलेलं टायर. त्यात वांगी, मिरच्या, मेथी, दोडका आणि एक लिंबू. मामा सकाळी डोक्याला उपरणं गुंडाळून, भाकरी फडक्यात बांधून जिना चढत आणि दिवस मावळला की उतरत. गावाकडची जमीन भावाच्या हवाली करून आले होते, पण त्यांची चाल काही शहरात आली नव्हती.

मी शाळामास्तर. दिवसभर पोरांवर ओरडून घसा बसलेला असायचा. संध्याकाळी गच्चीवर खाट टाकून निमूट पडावं, एवढीच माझी आयुष्याकडून अपेक्षा होती. तिच्या आड मामांचा धुरा आला. दोन शेतांच्या मधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. मामांनी डब्यांची एक ओळ मांडून गच्चीचे दोन भाग केले होते, आणि गावच्या रिवाजाप्रमाणे ते हा धुरा हळूहळू आमच्या बाजूला सरकवत होते. आधी आमची कपड्यांची दोरी गेली. मग पापड वाळवायची जागा गेली. शेवटी माझी खाट पाण्याच्या टाकीला जाऊन टेकली.

"मामा, डबे सरकलेत."

"डबे न्हाई सरकले, गुरुजी. तुमची खाट सरकली. धुरा बराबर हाये."

मी अंग चोरून झोपायला शिकलो.

पाण्याचं आणखी वेगळं. नळ कधी येईल याचा भरवसा नसायचा, म्हणून मामांनी आमच्या घरातल्या सांडपाण्यावर हक्क सांगितला. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, सगळं बादलीत. माझ्या आंघोळीवरही त्यांचं लक्ष असायचं. "साबण जरा बेतानं लावा, गुरुजी. मिरची नाराज होऊन राह्यली." मिरचीच्या मर्जीसाठी मी कित्येक उन्हाळे नुसता भिजून बाहेर आलो.

पण पीक मात्र खोटं नव्हतं. दूधवाला असो की मीटर बघणारा, मामा प्रत्येकाला धरून शिकवत. "बुडाला खिळ्यानं भोकं पाडा, त्याच्यावर विटाचे तुकडे टाका, मंग माती अन् कुजलेलं शेणखत. खर्चा बिलकुल न्हाई. मुळाला पाणी पाजायचं, बुडवायचं न्हाई." वांगी तर इतकी लागली, की आमच्या घरात त्यांचं नाव काढायची चोरी झाली.

त्या पावसाळ्यात आमचं स्वयंपाकघर गळायला लागलं, तेही बरोबर शेगडीवर. घरमालक आले, वर जाऊन पाहिलं आणि निकाल दिला: रविवारच्या आत एकूण एक डबा खाली उतरला पाहिजे. मामांचं शेत जाणार होतं, आणि निरोप्या मी. खरं सांगायचं तर मला फारसं वाईट वाटलं नाही. मी दमलो होतो.

गच्चीवर मामा नव्हते. खाली त्यांच्या दाराशी गेलो. अर्धांगाने मामींचा डावा पाय आणि डावा हात गेला होता. त्यांच्या दवापाण्यासाठीच दोघं गाव सोडून इथं आले होते. मामी खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि उजव्या हातातल्या खुरप्याने मिरचीचा डबा खुरपत होत्या. मामा तो डबा त्यांच्यापुढे कलता धरून उभे होते.

"किती तण माजलंय," मामी म्हणाल्या. "दिवसभर तुम्ही शेतात करता तरी काय?"

"एकटा माणूस कुठं कुठं पुरंल? थांब, मेथीचा आणतो." मामा डबा खांद्यावर घेऊन जिन्याकडे गेले.

मामींनी उपटलेली एक हरळी माझ्यापुढे धरली. "बघा गुरुजी, मूळ तुटलेलं हाये. डब्यात उगवली न्हाई ही. रेल्वेच्या पटरीकडं गेल्ते हे सकाळी, तिथून आणून खोचली."

"म्हणजे मामाच तण लावतात?"

"जल्मभर लोकांच्या बी रानात खुरपलंय मी. मला कळत न्हाई व्हय? पाय गेला तवा मी म्हणलं, आता नुसतं बसून खायचं. तवापासून हे सुरू हाये." त्यांनी हरळी बाजूला ठेवली. "मला ठावं हाये, हे त्यांना सांगू नका."

तेवढ्यात मामा मेथीचा डबा घेऊन धापा टाकत आले. "गुरुजी, काही काम होतं का? मालक आल्ता म्हणं. शेत काढा म्हणतो का?"

"नाही," मी म्हणालो. "डब्यांखाली विटा लावा म्हणतो. पाणी साचायला नको." मालकाशी काय बोलायचं ते मी मागाहून बघणार होतो. मामांच्या खांद्यावरचा डबा मी घेतला आणि मामींपुढे धरला.

"जरा कलता धरा," मामी म्हणाल्या. "मूळ राह्यलं की हे पुन्हा उगवतं."

"उगवू दे," मामा घाईघाईने म्हणाले.