तिप्पट वाकळ

नवऱ्यानं बायकोच्या सुईदोऱ्यात नाक खुपसू नये असा काही कायदा नाही. असता तर आमच्या अमरसिंहरावांना जन्मठेप झाली असती.

सुरुवात अगदी साधी होती. लेकीच्या सासूबाई, गारगोटीच्या बाळाबाई, यांनी नवा बंगला बांधला आणि कोल्हापूरला निरोप धाडला : नातवाला दिलीत तशीच वाकळ आमच्या नव्या डबल बेडलाही करा, वास्तुशांतीला घेऊनच या.

नातवाची ती वाकळ अमरसिंहरावांच्या सासूबाईंनी, चिमणाबाईंनी, शिवली होती. जुन्या साडीचे तुकडे, प्रत्येक चौकोनात आठ पाकळ्यांचं फूल, तांदळाच्या दाण्याएवढा टाका. आणि पणतवाला दृष्ट लागू नये म्हणून मधोमध एक गोल काळं ठिगळ, बाळाच्या गालावर लावतात तशी तीट. ही तीट चांगली चहाच्या बशीएवढी होती, कारण पणतू एकुलता एक आणि चिमणाबाईंचा हात सढळ. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. अमरसिंहरावांनाही सांगितलं होतं, पण तेव्हा ते स्वतःच बोलत होते.

अमरसिंहरावांच्या बायकोला, संयोगिताबाईंना, हा निरोप म्हणजे देवच पावला. लग्नात विहीणबाईंना दिलेली साडी हलकी निघाली होती आणि त्या साडीचा उद्धार लेक अजून दर सणाला ऐकत होती. वाकळ पसंत पडली तर लेकीच्या कानाला जरा विश्रांती मिळणार होती.

"त्यात काय अवघड हाय?" संयोगिताबाई म्हणाल्या. "चौकोन हाय तेवढाच ठेवतो. दहाच्या जागी नव्वद जोडतो. झाली मोठी."

अमरसिंहरावांनी पेपर खाली ठेवला. (इथंच सगळं बिघडलं. पेपर वाचत राहिले असते तर ही गोष्टच झाली नसती.) ते एका सरकारी ऑफिसात ट्रेसर होते. साहेबांनी काढलेल्या रेघेवर ट्रेसिंग पेपर ठेवून तीच रेघ ओढायची, हे त्यांचं काम. पण एवढी वर्षं धरणांच्या रेघा ओढल्यामुळं आपण निदान दोनतीन धरणं तरी बांधलीत, असा त्यांचा समज होता. लग्नाच्या मांडवात बाळाबाईंनी "पावणं साहेब हायत का शिपाई?" असं सगळ्यांदेखत विचारलं होतं. ते त्यांना अजून टोचत होतं.

"नव्वद चौकोन जोडत बसणार? अडाणी काम!" ते म्हणाले. "स्केल वाढवायचं. सगळं तिप्पट. मी ड्रॉइंग काढून देतो."

"कापड?" संयोगिताबाईंनी विचारलं.

"सगळं तिप्पट म्हटल्यावर कापडही तिप्पटच. बारक्या वाकळेला एक साडी लागली, हिला तीन."

तीन साड्या लावून झाल्या तेव्हा ड्रॉइंगचा जेमतेम तिसरा हिस्सा भरला होता. लांबी तिप्पट झाली तशी रुंदीही तिप्पट झाली, म्हणजे कापड नऊपट लागणार, हे अमरसिंहरावांच्या आता लक्षात आलं. पण कबूल कोण करतो? "तुमच्या साड्या आखूड आहेत," ते म्हणाले. मग ट्रंक उघडली. सणाच्या साड्या गेल्या, चिमणाबाईंचं ठेवणीतलं इरकल गेलं. चिमणाबाई लेकीकडं चार दिवस विसाव्याला आल्या होत्या. त्यांनी एकदा जावयाकडं बघितलं आणि सुईत दोरा ओवला.

पण जावयाला टाकाही पसंत पडेना.

"सासूबाई, टाका जुन्याच मापाचा घालताय. ड्रॉइंग तिप्पट, तर टाकाही तिप्पट पाहिजे."

"टाका बारीकच असतोय, जावईबापू."

"तुम्हाला स्केल कळत नाही. तिप्पट म्हणजे तिप्पट."

"बरं," चिमणाबाई म्हणाल्या आणि बोटाच्या पेराएवढा एकेक टाका घालायला लागल्या. काम फार भराभर झालं, हे मात्र खरं.

शेवटी राहिलं ते काळं गोल. अमरसिंहरावांनी कंपास लावला. चहाची बशी तिप्पट होऊन जेवणाचं ताट झालं.

"अवो, त्ये काळं नको," संयोगिताबाई घाईनं म्हणाल्या. "त्ये पोराला म्हणून..."

"मध्ये बोलू नको, आकडा चुकतो."

"पण त्ये डिझाइन न्हाय, त्ये..."

"ड्रॉइंगमधलं काहीही गाळायचं नाही. ऑफिसात मी साहेबांच्या पेनाचा डागसुद्धा सोडत नाही!"

एवढं मोठं काळं कापड घरात एकच होतं : अमरसिंहरावांचा लग्नातला कोट. त्यांनी त्याची अख्खी पाठ स्वतःच्या हातानं कापली. एवढा त्याग बघून संयोगिताबाईंनी ते ताट टाचायला घेतलं. गारगोटीच्या एसटीत बसताना त्यांनी वाकळेची घडी घातली ती काळं आत दडवून. घडीच अशी देऊ, पुढचं अंबाबाई बघून घेईल, असं त्यांनी ठरवलं.

पण बाळाबाई घडीवर समाधान मानणाऱ्यातल्या नव्हत्या. जेवणं झाल्यावर त्यांनी गल्लीतल्या बायका गोळा केल्या आणि सगळ्यांसमोर वाकळ पलंगावर उलगडली. फुलं मोठी आली होती. पण फुलांकडं बघतंय कोण? मधोमध कोटाचं ताट बसलं होतं, काळंकुट्ट.

"ह्ये काय वो?" बाळाबाईंनी विचारलं.

"मूळ डिझाइनातलंच आहे," अमरसिंहराव पुढं सरसावले. "तुमच्या नातवाच्या वाकळेत बशीएवढं आहे ना? मी स्वतः तिप्पट केलंय."

बायकांनी तोंडाला पदर लावले. लेक भिंतीकडं बघायला लागली.

"आवो पावणं, ती तीट हाय!" बाळाबाईंचा आवाज चौकापर्यंत गेला. "पोराला बशीभर लावत्यात, ठीक हाय. आमाला ताटभर? एवढी नजर कुणाची लागणार हाय आमच्या बंगल्याला? आज परगावचं तर तुम्हीच आलाय की!"

अमरसिंहरावांचा चेहरा वाकळेवरच्या ठिगळासारखा झाला. तरी माणूस गप्प बसेल तर शपथ! "रंगाचं सोडा," ते म्हणाले, "अंगावर घेऊन तर बघा. माप कसं बसलंय ते कळेल."

पाहुण्यांचा मान म्हणून बाळाबाई आडव्या झाल्या. माप खरोखरच झकास बसलं होतं. विहीणबाई पार गळ्यापर्यंत झाकल्या गेल्या. तेवढ्यात बाहेरून कुणी तरी हाक मारली, भटजी निघालेत, दक्षिणा द्यायची राहिलीय. बाळाबाई लगबगीनं उठल्या. पायात हुपरीची ठसठशीत जोडवी. त्यातलं एक त्या पेराएवढ्या टाक्यात जाऊन असं अडकलं की बाळाबाई पुढं आणि नऊ साड्यांची वाकळ मागं, अशी वरात सोप्यातून अंगणात आली. भटजी दोन पावलं मागं सरले.

"थांबा, थांबा, मी सोडवतो!" म्हणत अमरसिंहराव विहिणीच्या पायाशी बसले आणि दोरा ओढला. जोडवं सुटलं. पण दोरा सुटतच राहिला, सुटतच राहिला. भटजींच्या देखत फुलांच्या पाकळ्या एकेक करून अंगणात गळून पडल्या आणि शेवटी काळं ताटही निघून विहीणबाईंच्या पायाशी आलं.

बाळाबाईंनी साडीचा विषय त्या दिवसापासून कायमचा सोडला. आता त्या वाकळेचा काढतात.

निघताना लेक एसटीपर्यंत आली. डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. "आई, तू येत जा," ती म्हणाली. "बाबा, तुम्हीबी या. पण काय करून आणू नका."

वाकळेचं बोचकं परत कोल्हापूरला आलं. चिमणाबाईंनी ते सोडलं आणि पहिल्यासारखा तांदळाएवढा टाका घालून सगळं पुन्हा जोडलं. काळं ताटही जिथल्या तिथं लावलं. मग ती वाकळ त्यांनी जावयाच्या अंथरुणावर नीट अंथरली.

अमरसिंहराव दारात उभे होते, पाठ नसलेला कोट हातात घेऊन. पुढच्या आठवड्यात साहेबांच्या मुलाचं लग्न होतं.

"काही म्हणा सासूबाई," ते शेवटी म्हणाले, "पण माझं स्केल कुठं चुकलं नव्हतं."

"न्हाई की चुकलं, जावईबापू," चिमणाबाई काळ्या ताटावरून हात फिरवत म्हणाल्या. "नजर तुमच्या शहाणपणाला लागंल. त्येच्या मापानं बरोबर हाय ही तीट."