डोलन यांचं मांजर आणि माझी नोंदवही

आमच्या खालच्या मजल्यावरचे मिस्टर डोलन उद्याचं हवामान मांजराला विचारत. मांजर शेगडीकडे पाठ करून बसलं की पाऊस. धुराड्यातून काजळी पडली, तरी पाऊस. लांबच्या टेकड्या जवळ दिसू लागल्या, मग तर विचारायलाच नको. रोज संध्याकाळी जिन्यात गाठून ते माझ्या बायकोला भाकीत सांगत. पावसाचं असलं की बजावत, "मिसेस लेले, उद्या दोरीवर कपडे नकोत. मांजर बोललंय!"

माणूस आयरिश, पन्नाशीचा, एकटा. जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनमध्ये इंग्रजीच्या शिकवण्या करायचा. मी तिथल्या एका कारखान्यात रंग तपासायचो. १९५८ सालची गोष्ट. मोजल्याशिवाय काही मानायचं नाही हा माझा स्वभाव, म्हणून मी नोंदवही सुरू केली.

तेरा आठवडे झाले. सोमवार ते शनिवार असे अठ्ठ्याहत्तर दिवस, त्यांतले सत्तावन्न डोलन बरोबर! मला संशय आला, हा गृहस्थ चोरून रेडिओ ऐकतो. घरमालकीण फ्राऊ केसलरना विचारलं.

"रेडिओ? आख, त्यांच्याकडचं मांजरसुद्धा माझं आहे!"

मग रविवारचा रकाना तपासला. तेरा रविवार, तेराही वेळा पाऊस सांगितलेला. पडला चारदा. बाकीचे नऊ रविवार आम्ही टेकड्यांवरची सहल रद्द करून, बोटीने आलेल्या बेसनाची भजी खात घरी बसलो होतो. डोलन अर्थात जोडीला असायचेच, ही हाक मारायची ना! पण सहा दिवस खरं सांगणारा माणूस सातव्या दिवशी खोटं का बोलतो?

पुढच्या रविवारी लख्ख ऊन होतं. शनिवारचं भाकीत, पाऊस. मी वही घेऊन तडक खाली गेलो.

दार उघडंच होतं. डोलन कडक कॉलर लावून, बूट चकचकीत करून खुर्चीच्या कडेवर बसले होते. कान जिन्याकडे. मांजर खिडकीत उन्हात पसरलेलं.

मी रकाना पुढे केला. "सहा दिवस तुमचं मांजर खरं सांगतं. रविवारीच का चुकतं?"

त्यांनी आकडे पुन्हा पुन्हा पाहिले. कान लाल झाले.

"रविवार फार लांब असतो, मिस्टर लेले," ते हळूच म्हणाले. "मांजराला."

मी वही मिटली आणि वर आलो. ही चपला घालून तयार होती.

"अहो, निघायचं ना? ऊन बघा किती छान पडलंय."

"पाऊस येणार आहे," मी म्हटलं.

तिने खिडकीबाहेर पाहिलं. मग माझ्याकडे. चपला काढल्या आणि कढई उतरवली.

"किती जणांची करू?"

"तिघांची."