शेवटच्या स्टेशनचे खांबेटेकाका

इंग्लंडात ब्रॅकनेलमध्ये राहायला आले त्या दिवशी शेजारच्या खांबेटेकाकांनी माझं नाव विचारलं नाही. कुंपणावरून वाकून म्हणाले, "किती फुटांवरच्या तुम्ही?" मी पुण्याची, एवढंच मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी लेटरबॉक्समधून चिठ्ठी पडली : 'पुणे, समुद्रसपाटीपासून जेमतेम अठराशे फूट. वाईट वाटून घेऊ नये.'

काका स्वतः साडेसात हजारांच्या वरचे. त्यांचं लहानपण केनियात गेलं, डोंगरमाथ्यावरच्या न्याहुरुरूला. तेव्हा गावाला थॉमसन्स फॉल्स म्हणत. वडील तिथे स्टेशनमास्तर. पुढचं सगळं आयुष्य इंग्लंडात काढूनही काकांच्या लेखी थेम्सचं खोरं म्हणजे तळघर. दवाखान्यातली नर्स म्हणाली ब्लड प्रेशर हाय आहे, तर यांनी तिला समजावलं, की आमच्याकडे सगळंच हाय असतं.

त्यांना रस्ता विचारायची सोय नव्हती. कौन्सिलच्या ऑफिसला जायचं तरी आधी न्याहुरुरूतून जावं लागे : स्टेशनवरून उतरायचं, गुजराती दुकानांची ओळ, पावसाच्या पाण्याच्या टाक्या, देवदाराच्या लाकडाची वखार, मग पोस्ट. "तुमचं कौन्सिल म्हणजे आमचं पोस्ट समजा." मी दोनदा चुकले. पण चुकतानाही पायाखाली लाल माती असल्यासारखं वाटत राहिलं.

वॉलपेपरच्या पाठकोऱ्या गुंडाळीवर ते गावाचा नकाशा काढत. शनिवारी मी चहाला गेले, की त्यावर बोट ठेवून सांगत, "रूळ इथे संपायचे. पुढे कुठे जायचं हे इंजिनालाही सुचायचं नाही." विषुववृत्त गावाला खेटून, तरी सकाळी स्वेटर घालून शाळेत जावं लागे. धुकं उतरलं की धबधबा दिसेनासा होई, नुसता ऐकू येई. ऐकता ऐकता खिडकीबाहेरच्या आमच्या ओल्या गार्डनलाही देवदाराचा वास आहे असं मला वाटू लागे.

परत कधी गेला नाहीत का, असं विचारलं की म्हणत, "गुडघे."

यंदा ऑफिसात वांजिरू नावाची मुलगी आली. न्याहुरुरूचीच. एका शनिवारी तिला काकांकडे नेलं. ते प्रश्नांनी भंडावून सोडतील, असं आधीच बजावलं होतं. पण काका टाय लावून बसले होते, आणि तासभर जवळजवळ बोललेच नाहीत. तीच सांगत होती, गाव किती वाढलंय, रूळ कसे गवतात गेलेत. ती निघाली तेव्हा काकांनी एकच विचारलं. स्टेशनमागच्या चढावर देवदार होते, तिथे काही बांधलंय का?

तिला माहीत नव्हतं. तिथे काय आहे, असं तिने विचारलं.

"माझी बहीण आहे," काका म्हणाले. "कुमुद. अडीच वर्षांची."

न्यूमोनियाने गेली होती. इतक्या लहान मुलाचं दहन करत नाहीत, म्हणून वडिलांनी तिला त्या झाडांखाली पुरलं. महिन्याभरात बदली झाली. तिच्यावर दुकानं उभी राहिलेली बघायला नकोत, म्हणून काका कधी गेलेच नव्हते. सहा वर्षांच्या शेजारात हे मला पहिल्यांदा कळलं.

वांजिरूने तिथल्या तिथे आईला फोन लावला. आई जुन्या स्टेशनजवळच राहत होती. आमचा दुसरा चहा होईपर्यंत ती चढ चढून गेली आणि तिने व्हिडिओ सुरू केला. बरेच देवदार तुटले होते, चार-पाच उभे होते. खाली उंच गवत, एक बांधलेली गाय. बांधकाम नव्हतं.

काकांनी फोन दोन्ही हातांत धरला. मग अडखळत, मुलासारख्या आवाजात, स्वाहिलीत काहीतरी म्हणाले. मी वांजिरूकडे पाहिलं. ती म्हणाली, "आईला सांगतायत, घाई नसेल तर थोडं बसा. तिला एकटं आवडत नाही."

पडद्यावर गवत जवळ आलं. वांजिरूची आई खाली बसली होती.