सावंतकाकांची झांज

आमच्या लालबागच्या चाळीत दुपारी चारला झांज वाजली की समजायचं, सावंतकाका काकूंना घेऊन गॅलरीत फिरायला निघाले. नव्या भाडेकरूंना वाटतं, कुणाकडे आरती आहे. एकीने तर चपला काढून हात जोडले होते.

काका परळच्या एका प्रयोगशाळेत तीस वर्षं शिपाई होते. पांढऱ्या उंदरांचे पिंजरे धुता धुता मेंदूबद्दल साहेबांचं जे कानावर पडलं, तेवढ्यावर ते अख्ख्या चाळीचे तज्ज्ञ झाले. माझा मुलगा मोबाईल सोडत नाही? "डोपामाइन गो ता! एकदा गोड लागला काय मेंदू परत मागताच." नळावर भांडण झालं? "सगळ्यो पेशी बोलतत, ऐकणारी एक नाय." माझे मिस्टर पेपरात डोकं खुपसून बसले की काका त्यांच्या टाळूवर टिचकी मारतात, "निरोप पोचता मा रे?"

मग काकूंनाच पार्किन्सन झाला. मेंदूत डोपामाइन कमी पडलं की 'चल' हा निरोप पायांपर्यंत धड जात नाही. उंबरा आला की काकूंचे पाय जमिनीला चिकटायचे. "मेन लाइन बंद, साइड लाइनीन जावचा," असं म्हणून काकांनी भजनातली झांज खुंटीवरून काढली. तालावर पाय खरंच उचलले! डॉक्टरांनीही मान डोलावली, आणि तेव्हापासून काकांशी बोलायची सोय उरली नाही.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकू माझ्याकडे आल्या. बारा दारं ओलांडून, चालत. काका मात्र बाहेर जिन्यावरच बसले, झांज मांडीवर घेऊन. मी तिळगूळ नेऊन दिला. म्हटलं, "घरी जा काका, वेळ लागेल."

"नको गो. तीस वर्षां ही माजी वाट बघीत उंबऱ्यात उभी रवली. आता माजी पाळी."

मेंदूबद्दल एक शब्दही न काढता ते पहिल्यांदाच बोलले होते.

दोन तासांनी काकू निघाल्या आणि माझ्या उंबऱ्याशी अडकल्या. आम्ही बायकांनी तालात टाळ्या वाजवल्या. पाय हलेनात. तेवढ्यात बाहेरून झांज वाजली आणि काकूंनी ऐटीत पाऊल उचललं. जाता जाता माझ्या कानाशी पुटपुटल्या, "तुमच्या टाळ्यांवर पण पाय उचलतत गो माजे. ह्यांका सांगू नको."