मुलांच्या मैदानाचं उद्घाटन

सातारच्या आमच्या कॉलनीतला खेळाच्या जागेचा प्रश्न मी आठवड्यात मिटवणार होतो. सेक्रेटरी या नात्याने तसं सगळ्यांसमोर बोललोही होतो. मुलांची मतं चिठ्ठ्यांवर लिहून घेतली, कोपऱ्यावरचा मोकळा प्लॉट त्यांना देण्याचा ठराव केला, चेंडू बाहेर जाऊ नये म्हणून सात फुटी कुंपणही घातलं.

"काका, रविवारी नऊला आमची फायनल आहे," साक्षी म्हणाली. वय वर्षं दहा, कॉलनीच्या टीमची कॅप्टन. "जागा नसली तर मॅच न खेळताच पलीकडच्या गल्लीला जाणार."

"आठला उद्घाटन, नऊला मैदान तुमचं."

रविवारी प्लॉटवर स्टेज आलं, ऐंशी खुर्च्या आल्या. पिचवर रांगोळी निघाली. सांगलीच्या प्रमुख पाहुण्यांना रस्ता मोकळा हवा म्हणून कॉलनीतल्या रस्त्यावरच्या सगळ्या गाड्याही प्लॉटच्या आत लावल्या. बंदोबस्त निवृत्त सुभेदार उदयसिंहांकडे होता. आम्ही मोठी माणसं आत बसल्यावर, मुलं रांगोळी तुडवतील म्हणून त्यांनी कुंपणाच्या फाटकाला बाहेरून कुलूप लावून घेतलं आणि चावी बाहेर पहाऱ्यावरच्या शिवतेजकडे दिली. हा टीमचा विकेटकीपर.

"कार्यक्रम संपल्याबिगर उघडायचं न्हाई. मी सांगितलं तरी न्हाई."

"यस सर."

नऊ वाजले तरी पाहुण्यांचा पत्ता नव्हता. रस्त्यावर मात्र स्टंप लागले.

"शिवतेज, उघड रं," सुभेदार म्हणाले.

"कार्यक्रम संपला का, आजोबा?"

"सुरूच झाला न्हाई, तर संपंल कसा?"

"मग न्हाई."

"मी हुकूम मागं घेतो."

"तुमी सांगितलं तरी न्हाई, आसं तुमीच सांगितलंय."

सुभेदार माझ्याकडे वळले. डोळ्यांत पाणी होतं. "सेक्रेटरीसाहेब, पोरगं फौजेत जाणार बघा."

मी पाहुण्यांना फोन लावला.

"आवं, मी कवाच आलोय," ते म्हणाले. "तुमच्या फाटकाबाहेरच हाय. पण पोरांनी अंपायर केलंय, शेवटची ओव्हर टाकून झाल्याशिवाय हलता येत न्हाई."

वेळ जावा म्हणून भाषणाचे कागद काढले. त्यांत मुलांच्या चिठ्ठ्या होत्या. मी त्या काळजीपूर्वक मोजल्या होत्या, वाचल्या नव्हत्या. पहिलीच साक्षीची निघाली: 'आम्हाला प्लॉट नको. रस्त्यावरच्या गाड्या आणि मोठी माणसं दोन तास कुठेतरी आत ठेवा. तेवढं पुरे.'

अकराच्या सुमारास बाहेर एकच गलका झाला. कॉलनी जिंकली होती. साक्षीने कुंपणाच्या जाळीतून हात आत घालून माझ्याशी हस्तांदोलन केलं.

"काका, पुढच्या रविवारीपण उद्घाटन ठेवा ना."